ताईची किडनी मानवली नाही म्हणे

वरवंड, रविवार

प्रिय रवी,

हे पत्र तुझे दाजी तुझ्या हातात देतील. उद्या ते कोंबड्यांचं खाद्य आणायला शिरूरला येणारच आहेत. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मला तुझ्यावर धड रागावता येत नाही. मी आवाज चढवला की तू रडायला लागतोस. तू रडलास की मी 'बरं जाऊ दे, जेवलास का' म्हणते, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर शेडमध्ये बादल्या आपटत फिरते. या वेळी मला सलग बोलायचंय आणि तू ते शेवटपर्यंत वाचायचंस. मधेच आईच्या हातात देऊन 'बघ ताई काय लिहितीय' असं करायचं नाहीस. आईशी मी नंतर वेगळं बोलणार आहे.

गेल्या आठवड्यात केंदूरला मावशीच्या नातवाचं जावळ होतं. तुझं त्या दिवशी डायलिसिस होतं म्हणून तू आला नाहीस, आई आली होती. जेवणं झाल्यावर आम्ही बायका मांडवात बसलो होतो, आणि मावशी सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, "सुलक्षणा, राग मानू नको, पन रवीला तुझी किडनी मानवली न्हाई म्हंजी देताना तुझं मन मागं-पुढं झालं आसंल. तुझ्या मालकांच्या, हनुमंतरावांच्या मनात नव्हतंच की तवा." बाकीच्या बायका माना हलवायला लागल्या. मी आईकडे बघितलं. आईला खरं काय ते पुरतं माहीत आहे, कारण डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती. तिने पानाला चुना लावला आणि खाली बघत राहिली. मी उठले, चपला घातल्या आणि कुणाला न सांगता निघून आले. मानवली नाही म्हणे! जणू मी तुला वांग्याची भाजी वाढली होती आणि ती तुला बाधली.

मावशीला हे आईने सांगितलं असणार आणि आईच्या तोंडी हा शब्द तू घातला असणार, एवढं मला न विचारता कळतं. लहानपणापासून तुला ओळखते. तुला घशाचं दुखणं यायचं तेव्हाही तू असंच करायचास. घसा सुजला की दुसऱ्या दिवशी तुझी लघवी चहासारखी लाल व्हायची आणि तू ती आईपासून लपवायचास, गोठ्यामागे जाऊन करून यायचास, कारण सांगितलं तर शिरूरच्या डॉक्टरकडे नेऊन सुई टोचतील. मला तेवढं सांगायचास. मी आईला सांगायचे, मग आबा सायकलवर बसवून तुला घेऊन जायचे. सुई बसली की लघवी साफ व्हायची आणि सगळे विसरायचे. तो नुसता घसा नव्हता, हे पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. घशातल्या रोगाशी लढायला शरीर रक्तात जी प्रतिपिंडं तयार करतं, ती तुझ्या बाबतीत जरा वेडीवाकडी तयार व्हायची आणि किडनीच्या बारीक गाळणीत जाऊन अडकायची. एवढी वर्षं तुझं शरीर तुला वाचवायला धावत होतं आणि धावता धावता तुझीच गाळणी बुजवत होतं. आबा असते तर त्यांना हे ऐकवलं नसतं.

तुझी लेक शर्वरी तान्ही असताना तुझे पाय सुजले, कंपनीत मशीनवरच चक्कर येऊन पडलास, आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. त्या वेळचं तुला किती आठवतं माहीत नाही, कारण तू निम्मा वेळ गुंगीत असायचास. मला सगळं आठवतं. आईला साखरेचा आजार, म्हणून तिची किडनी चालणार नव्हती. मोनाली तुझी बायको, पण तिच्या अंगावर पोर पीत होतं. आमच्या घरी सासूबाई सरळ म्हणाल्या, "उद्या तुला काय झालं तर तुझ्या लेकरांचं भाऊ करनार हाय का?" तुझे दाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस शेडमध्ये पाण्याची भांडी धुता धुता म्हणाले, "तुला द्यायचीच हाय ना? मग मी सही करतो. पन मला भ्या वाटतंय, तेवढं मला म्हनू दे." एवढंच त्यांचं 'मनात नसणं' होतं, रवी. ते मावशीला कळायची गरज नाही, पण तुला माहीत होतं. दवाखान्यात माझ्या उशाशी कोण बसलं होतं ते तू बघितलंस.

आणि माझं म्हणशील तर मला द्यायची होती. कुणी गळ घातली म्हणून नाही, भाऊ आहे म्हणून करावंच लागतं म्हणून नाही. तू जगावंस असं मला वाटत होतं, दुसरं काही नाही. तपासण्यांच्या वेळी डॉक्टरांनी मला आणि तुझ्या दाजींना समोर बसवून नीट समजावलं होतं. प्रत्येक माणसाच्या पेशींवर त्याच्या त्याच्या खुणा असतात, निम्म्या आईकडून आलेल्या, निम्म्या बापाकडून. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिवसरात्र अंगभर फिरून त्या खुणा तपासत असतात. आपली खूण दिसली की पुढे जातात. परकी दिसली की आधी तिला गाठून मारायला बघतात, आणि बाकीच्यांना बोलावून घेतात. जंतू शरीरात शिरतो तेव्हा त्यामुळेच आपण वाचतो. पण दुसऱ्याची किडनी बसवली तर त्यांना ती जंतूंइतकीच परकी. सख्ख्या भावंडांतही एखादीच जोडी तंतोतंत जुळते. आपल्या खुणा निम्म्या जुळल्या. मी विचारलं, मग उरलेल्या निम्म्याचं काय? डॉक्टर म्हणाले, "त्यासाठी गोळ्या. त्या पेशींना थोडं सुस्त ठेवायचं. किडनी आहे तोवर, म्हणजे जन्मभर." जन्मभर हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला आणि दोन्ही वेळा तुझ्याकडे बघून उच्चारला. तू मान डोलावलीस.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा कुशीत विळा फिरवल्यासारखं दुखत होतं. नर्सने सांगितलं, तिकडे टेबलावरच किडनीने लघवी करायला सुरुवात केली. मला हसू आलं आणि हसल्यावर टाके ओढले गेले. तेवढा आनंद मला माझी पोरं झाली तेव्हाही झाला नव्हता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग केंदूरला तुम्ही माझा सत्कार ठेवलात. चौकात एवढा मोठा फ्लेक्स, त्यावर तुझा आणि माझा फोटो, 'धन्य ती बहीण'. मला लाज वाटली, पण तुझा चेहरा भरलेला, डोळ्यांत तेज आलेलं बघून मी गप्प बसले. म्हटलं लावू दे, त्याला बरं वाटतंय ना.

गोळ्यांचं मला तुझ्यापेक्षा जास्त समजत होतं, असं मी गर्वाने नाही म्हणत. कोंबड्या पाळणाऱ्याला ते कळतंच. पोल्ट्री नवीन होती तेव्हा पिल्लांच्या एका लॉटमध्ये आमच्याकडे गंबोरो हा कोंबड्यांचा रोग आला होता. पिल्लांच्या शेपटीपाशी एक छोटी गाठ असते, तिथे त्यांच्या रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात. गंबोरो तीच गाठ खातो. त्यातून जी पिल्लं वाचली, ती नंतर साध्या सर्दीने मेली. लसही लागू पडेना, कारण लसीकडून शिकायला आत कुणी उरलंच नव्हतं. मी पाट्या भरभरून मेलेली पिल्लं खड्ड्यात टाकली होती. त्यामुळे तुझी ताकद गोळ्यांनी मुद्दाम कमी ठेवायची म्हणजे काय हे मला बरोबर कळलं होतं. ती फार खाली गेली तर रोग शिरणार, आणि वर आली तर किडनी जाणार. मधल्या अरुंद बांधावरून तुला चालायचं होतं. ते सोपं होतं असं मी कधीच म्हटलं नाही. तुला सारखी सर्दी व्हायची. मास्क लावून फिरलास, लग्नाकार्यात लांब बसलास, कंपनीतली पोरं हसली. तुला नागीण निघाली तेव्हा पाठीवर कापड टेकवता येत नव्हतं. मी शिरूरला येऊन राहिले होते, तुझ्या पाठीला वारा घालत. तू कण्हत म्हणालास, "ताई, ह्या गोळ्यांनीच मारलं मला." मी म्हटलं, "गोळ्यांनीच जगवलंय, गप पड." ते बोलणं मला तेव्हा मनाला लावून घ्यायला पाहिजे होतं असं आता लोक म्हणतील. पण मी का लावून घ्यावं? दुखत असलं की माणूस काहीही बोलतो. तू मात्र दुखायचं थांबल्यावर ते खरं धरलंस.

तो सोपानराव तुला तळेगाव ढमढेरेला भेटला. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडून, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून तो भाषण करायचा. 'सगळ्या आजारांचं मूळ म्हंजी प्रतिकारशक्ती कमी. आमची पावडर घ्या, थेंब घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा.' तुला वाटलं, अरे, माझी तर मुद्दाम कमी केलीय, मग मला याची सगळ्यात जास्त गरज! मी चिडून चिडून या गोष्टीचा विचार केलाय. त्याची पावडर नुसतं पीठ असेल तर तिने काही वाढलं नसतं आणि काही बिघडलंही नसतं. पावडरीने किडनी गेली नाही. तू गोळ्या बंद केल्यास म्हणून गेली. गोळ्या बंद झाल्यावर पहिले काही आठवडे तुला फार छान वाटलं असेल, तेही मला पटतं. सर्दी थांबली, भूक लागली, चेहऱ्यावरची सूज उतरली, अंगात जोर आला. तुझ्या सगळ्या पेशी जाग्या झाल्या होत्या ना. तू त्याला पावडरीचा गुण म्हणालास.

मला कळलं ते आमच्या बचतगटातल्या बाईमुळे. एका दुपारी ती शेडवर मोबाइल घेऊन पळत आली, "ताई, तुमचा भाऊ झळकलाय बघा." व्हिडिओत तू स्टेजवर उभा होतास, गळ्यात हार, हातात माइक. तू म्हणालास, "मी किडनीचा पेशंट हाय. सोपानरावांच्या सल्ल्यानं सगळ्या इंग्लिश गोळ्या बंद केल्या. आज मी तुमच्यासमोर ठणठणीत उभा हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रवी, मला त्या क्षणी माझ्या कुशीतल्या टाक्याच्या जागी हात न्यावासा वाटला आणि मी तो नेला. मग तुझ्या दाजींना म्हटलं, गाडी काढा. चौफुला, न्हावरा करत आम्ही तडक शिरूरला आलो.

तू दारातच भेटलास. मी ओरडले, हे खरं आहे. शेजारी बाहेर आले. मोनाली ओट्याशी उभी राहून हे पहिल्यांदाच ऐकत होती, कारण तिला तू सांगितलं होतंस की डॉक्टरांनीच गोळ्या कमी केल्या. आणि तू मला काय म्हणालास ते आठवतंय का? आठवत नसेल तर मी लिहून देते. "ताई, तू किडनी दिलीस, लई उपकार झाले. पन आता ती माझी हाय. तिचं काय करायचं ते मी बघीन." तुझे दाजी पुढे झाले, मी त्यांना अडवलं. मी त्यांना घेऊन गाडीत जाऊन बसले. त्याचं उत्तर आता देते. तू ती तुझी मानलीस, पण तुझ्या शरीराने ती एक दिवसही तुझी मानली नव्हती. त्याला रोज, प्रत्येक क्षणी माहीत होतं की ही सुलक्षणाची आहे. गोळ्या होत्या तोवर ते गप्प होतं. तू गोळ्या काढून घेतल्यास आणि ते आपल्या कामाला लागलं. तुझ्या पेशींवर माझा राग नाही. त्यांनी प्रामाणिकपणे जे ओळखायचं ते ओळखलं. खोटं त्यांना बोलताच येत नाही.

तू संध्याकाळी फोन करून रडलास, पुन्हा सुरू करतो म्हणालास. मी रोज विचारायचे, 'घेतल्यास का?' 'घेतल्या.' मोनालीलाही रिकामी पाकिटं दाखवायचास. थंडीत तुझे पाय सुजले तेव्हा दवाखान्यात रक्त तपासलं, तर औषधाचा मागमूससुद्धा नव्हता. डॉक्टरांनी किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. सलाइनमधून मोठमोठे डोस दिले, रक्तातली प्रतिपिंडं काढून टाकायचा प्रयत्न केला. शेवटी त्यांनी मला आणि आईला आत बोलावलं. ते तरुण डॉक्टर, ज्यांनी टेबलावर ती किडनी जोडली होती, ते आमच्याकडे न बघता कागदाकडे बघत बोलत होते. म्हणाले, "पेशी आत शिरल्या आहेत. आणि मुख्य म्हणजे तुमच्या खुणांविरुद्ध त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली आहेत. आता ती आठवण पुसली जात नाही." मी लस टोचते, पाण्यातून लस देते, माझा सगळा धंदा त्या आठवणीवर चालतो. एकदा ओळखलेला शत्रू शरीर विसरत नाही म्हणून पिल्लू जगतं. आता तुझं शरीर मला, तुझ्या बहिणीला, तसं ओळखतं. आई तिथेच होती. तिने पदर तोंडाला लावला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "कुनाला सांगू नको गं, पोराची बदनामी व्हईल." मी तिला तेव्हा काहीच कबूल केलं नव्हतं, हे लक्षात ठेव.

तुझी बदनामी होईल म्हणून सगळे गप्प बसले, पण व्हिडिओ फिरतोच आहे. तो काढून टाकायला लाव म्हणून मी तुला कितीदा सांगितलं. तू म्हणालास, सोपानराव फोन उचलत नाही. मागच्या महिन्यात न्हावऱ्याच्या गिताबाईंचा मला फोन आला. त्या बाईंनी आपल्या सम्राटला, पोटच्या पोराला, किडनी दिलीय. कुठून तरी माझा नंबर मिळवला होता. म्हणाल्या, "तुमच्या भावाचं बगून सम्राट म्हनतोय मी बी गोळ्या सोडतो. खरंच जमतंय का वो ताई? भाऊ बरे हायेत ना?" तू त्या वेळी डायलिसिसच्या खुर्चीत होतास. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत. गिताबाई फोनवरच देवाचं नाव घ्यायला लागल्या. मग सम्राटला फोनवर बोलावलं आणि त्यालाही सांगितलं. तो पोरगा आज गोळ्या घेतो, त्याच्या आईने कळवलंय. तेव्हा तुझी बदनामी मी केली आहे, रवी, आणि ती मी पुन्हा करीन. कुणी विचारलं तर करीन, न विचारता करीन. मावशीकडेही जाऊन करणार आहे.

हे सगळं मी गिळलं असतं. तू आजारी आहेस, आठवड्यातले किती तास त्या मशीनला बांधलेला असतोस, पाणी मोजून पितोस, हातातली ती फुगलेली नस मला बघवत नाही. 'ताईची किडनी मानवली नाही' हेसुद्धा मी एखादे वेळी चालवून घेतलं असतं, म्हटलं असतं बोलू दे, त्याला तोंड लपवायला काहीतरी पाहिजे. पण तुम्ही ते खोटं तिथेच ठेवलं नाहीत. त्याच्यावर पुढचं रचायला लागलात. बहिणीची मानवली नाही, तर बायकोची मानवेल. आईने मोनालीच्या माहेरी जाऊन सांगितलं की 'रक्त जुळतंय, देवानंच जोडी लावलीय.' मोनालीला तपासणीला कधी नेलं, किती वेळा नेलं, मला कुणी कळवलं नाही. डॉक्टरांनी तुला बजावलं होतं की दुसरी किडनी बसवणं पहिल्यापेक्षा अवघड, शरीर आता शिकलेलं आहे, गोळ्या जास्त लागतील आणि चुकवून चालणार नाही. हे तू मोनालीला सांगितलंस? नाही सांगितलंस. मी तिला विचारलं.

हो, मी तिला विचारलं, कारण मोनाली माझ्याकडे आहे. तुम्ही शुक्रवारपासून तिच्या माहेरी फोन करताय, ती तिथे नाही. शर्वरीला घेऊन ती एसटीने वरवंडला आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "ताई, बेस्पतवारी मला दवाखान्याच्या समितीपुढं बोलावलंय. एकटीला आत घेऊन इचारनार हायेत म्हनं, राजीखुशीनं देती का. म्या काय सांगू?" मी तिला पाणी दिलं. म्हटलं, जे असेल ते सांग. तर म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाई. तपासनीला चल म्हनले, गेले. आता ऑपरेशनला चल म्हनतील." मग तिने मला विचारलं, "तुम्ही दिली तवा तुम्हाला द्यायची व्हती का?" मी म्हटलं, "व्हय. मला द्यायची होती." त्यावर ती म्हणाली, "मग माझं तसं न्हाई. मला भ्या वाटतंय, पन नुसतं भ्या न्हाई. माझा त्यांच्यावर भरवसा ऱ्हायला न्हाई." काल तिने माझ्या समोर बसून दवाखान्यात स्पीकरवर फोन केला. तिथली बाई फार मायेने बोलली. म्हणाली, तुम्ही काळजी करू नका, आम्ही घरच्यांना एवढंच कळवू की तपासणीत तुमची किडनी बसत नाही, खरं कारण कुणाला कळणार नाही. तसं ते नेहमी करतात म्हणे, बायकांना घरात त्रास होऊ नये म्हणून. मी मोनालीला खुणेने म्हटलं, हो म्हण. तिने मानेनेच मला नाही म्हटलं आणि फोनवर म्हणाली, "न्हाई मॅडम. ह्या घरात एकदा 'मानवली न्हाई' म्हनून झालंय. मला द्यायची न्हाई, आसंच सांगा." तुला हे दवाखान्यातून कळण्याआधी घरच्या माणसाकडून कळावं, एवढं तिने मला सांगितलं आणि मी हे लिहायला बसले. तिच्यावर ओरडायला इकडे येऊ नकोस. आईलाही पाठवू नकोस. मेलेल्या माणसाची किडनी मिळते त्या यादीत तुझं नाव घालायला मी तुझ्याबरोबर पुण्याला येईन. डॉक्टरांसमोर तू सगळं खरं सांगायचंस आणि मी शेजारी बसून ऐकणार. डायलिसिस चुकवू नकोस. शर्वरीला बघायला यावंसं वाटलं तर आधी मोनालीला फोन कर, आणि ती ये म्हणाली तरच ये.

अजून रागात असलेली, पण तुझीच,
सुलक्षणाताई